ओकाकुएजोचा पाणवठा

आज दिवसभर नामिबियात इटोशाच्या कडेकडेने फिरलो. जवळपास 4,800 चौरस किलोमीटरचं कोरडं, खारट, पांढरंफटक तळं! झेब्रे, स्प्रिंगबॉक (एक प्रकारची हरणं) भरपूर दिसले.

पण मन भरलं ते रात्री, इटोशातल्याच ओकाकुएजो कॅम्पच्या पाणवठ्यावर. दिव्यांच्या पिवळसर उजेडात काळ्या गेंड्याची मादी आली. चार पावलं टाकायची, थांबायची, कान फिरवायची. मागोमाग पिल्लू. (पांढऱ्या गेंड्याचं पिल्लू बहुधा आईच्या पुढे चालतं, काळ्याचं मागे.) भिंतीआड आम्ही पन्नासेक माणसं, कुणी खोकलंसुद्धा नाही. पिल्लाचा पाणी पिण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. शिंगासाठी यांना अजूनही मारतात, हे आठवलं आणि घसा दाटून आला.

दोघं अंधारात दिसेनाशी झाली, तरी कितीतरी वेळ आम्ही तिथेच बसून होतो.