स्कूल बसचं घर केलं, त्याची ही हकीगत

मी आणि नवऱ्याने टाटा ४०७ च्या चॅसीवरची जुनी स्कूल बस घेतली आणि तिचं घर करून आता त्यातच राहतोय, फिरतोय. फोटो बघितले की सगळे विचारतात, बेड कुठून घेतला, पडदे कुठले. ते सगळ्यात सोपं काम आहे हो. खरं काम आरटीओचं आणि वजनाचं, त्यामुळे त्याबद्दलच जास्त लिहिते.

बस शोधतानाच दोन गोष्टी ठरवल्या होत्या. गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत पाहिजे, म्हणजे साध्या एलएमव्ही (कार चालवायच्या, हलक्या वाहनाच्या) लायसनवर दोघांनाही चालवता येते, हेवीचं लायसन काढायची गरज नाही. दुसरं म्हणजे गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आलेली नको, कारण प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन तेव्हा रिन्यू करावं लागतं आणि एवढा खर्च केल्यावर लगेच ते टेन्शन कशाला. मोठी लांब बस दिसायला भारी वाटते पण आंबा घाटातल्या वळणांवर आणि कोकणातल्या गावात शिरताना छोटीच बरी.

आता कागद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर (रजिस्ट्रेशनच्या कागदावर) असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायची नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलंय. म्हणजे सीटा काढून बेड टाकला आणि निघालो असं चालत नाही, पोलिसांनी धरलं तर धरलंच पण अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिल्यांदा आरसी बघणार. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस १२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, त्यामुळे आम्ही कॅराव्हॅनचं काम अधिकृतपणे करणारा बॉडी बिल्डर शोधला, त्याच्याकडून ड्रॉइंग घेतलं, आरटीओची परवानगी हातात आली आणि मगच ग्रायंडर लावला. स्कूल बस म्हणजे ट्रान्सपोर्ट गाडी, तिचं परमिट सरेंडर करायचं, टॅक्सचा फरक भरायचा, पिवळा रंग बदलला तोही आरसीवर चढवायचा, शेवटी इन्स्पेक्टर गाडी बघतात. नव्या आरसीवर आता कॅम्पर व्हॅन, प्रायव्हेट यूज असं आलंय आणि नंबरप्लेट पांढरी. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर खूप फिरलो, नवरा तर म्हणाला सोडून देऊ, पण मला हे कागदाशिवाय करायचंच नव्हतं. कोणी म्हणेल आरसी बदलायची कशाला, फर्निचर काढता-घालता येतंय असं दाखवा म्हणजे झालं. माझं स्पष्ट मत आहे, ज्या गाडीत आपण रोज झोपणार तिचे कागद पक्केच पाहिजेत.

काम कोल्हापूरला उद्यमनगरात केलं. सीटांचे बोल्ट इतके गंजलेले की पाना लागेना, कापूनच काढले. रबर मॅट आणि खालचा प्लाय उचलला तेव्हा मागच्या चाकाच्या वर पत्रा हाताने सुटत होता, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तेवढा भाग कापून नवीन पत्रा वेल्ड केला, प्रायमर मारला, आणि मगच वरचं काम. बस घेताना मॅट उचलून बघू देत नसतील तर ती बस घेऊच नका.

मग वजन. फॅब्रिकेटर मामा चांगल्या मनाचे, पण त्यांना सगळं दणकट पाहिजे.
"ताई, किचनच्या कट्ट्यावर कडप्पा टाकूया की, बिनकडप्प्याचा कट्टा असतोय होय?"
मी म्हटलं, "मामा, कडप्पा पन्नास किलोचा होईल, तो घेऊन घाट चढायचाय."
१८ एमएमची आठ बाय चारची प्लायची एक शीटच पस्तीसेक किलो भरते, अशा शीटा लावत गेलं तर गाडी ब्रेकला थांबणार कशी? म्हणून फ्रेम अॅल्युमिनियमची, प्लाय पातळ, कट्ट्याला स्टीलचा पत्रा. पाण्याची टाकी १५० लिटर म्हणजे भरल्यावर १५० किलो, ती मागच्या एक्सलच्या जवळ ठेवली आणि बॅटऱ्या टाकीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे गाडी एकीकडे कलत नाही. सगळं भरून वजनकाट्यावर नेली, आधी पूर्ण गाडी, मग नुसती पुढची चाकं, मग नुसती मागची. काट्यावरच्या पोराला आधी कळेना हे काय चाललंय, मग त्यालाच इंटरेस्ट आला, म्हणाला मावशी, डावी उजवी पण बघू.

लाइटचं थोडक्यात सांगते. १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी १२ व्होल्टवर १५० अँपिअरच्या वर करंट ओढते, २४ वर त्याच्या निम्मा, त्यामुळे घराची सिस्टीम २४ ची घेतली, वायरी बारीक लागतात आणि तापत नाहीत. लिथियम बॅटरीत साधारण पाच युनिट मावतात, टपावर एक किलोवॉट सोलर. उन्हाळ्यात पुरून उरतं, पावसाळ्यात कोकणात अजिबात नाही, तेव्हा गाडी चालताना अल्टरनेटरवरूनच (इंजिनवर फिरून वीज करणारा भाग) बॅटरी चार्ज होते आणि स्वयंपाक गॅसवर. गॅस ५ किलोची टाकी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून टाकीसाठी वेगळा बंद कप्पा आणि त्याच्या तळाला गाडीच्या फ्लोअरमधून थेट बाहेर जाणारं भोक, खिडकी उघडी असली तरी हे लागतंच. मागचा इमर्जन्सी दरवाजा पण बंद केलेला नाही, बेड असा बसवलाय की झोपेतून उठून थेट बाहेर उडी मारता येते. आत जागा कमी आहे, दरवाजा बुजवला असता तर एक कपाट वाढलं असतं, पण नकोच.

टपाला आतून नायट्राइल रबराची शीट चिकटवली. मे महिन्यात पत्रा तापतो तेव्हा ती लागतेच पण पावसात जास्त उपयोगी पडते, नाहीतर रात्री दोघांच्या श्वासाचं पाणी पत्र्यावर जमून गादीवर टपकतं. वर एक छोटा एक्झॉस्ट फॅन सतत चालू.

रात्री गाडी लावायला ओळखीचे ढाबे, पेट्रोल पंप, होमस्टेवाल्यांची अंगणं. कॅराव्हॅन टुरिझमची पॉलिसी महाराष्ट्रात २०२१ ला आली, केरळमध्येही त्याच वर्षी, पण आपली गाडी आपण घेऊन फिरणाऱ्याला मैला टाकायची नीट सोय वाटेत जवळजवळ कुठेच मिळत नाही. म्हणून आम्ही कोरडं टॉयलेट घेतलं, लघवी वेगळी आणि वरून नारळाच्या काथ्याचा भुसा. आठवडाभर वास येत नाही, आणि ज्यांच्या अंगणात थांबतो त्यांना गाडी लावायच्या आधीच सांगतो की सांडपाणी आमच्या टाकीतच राहील, तुमच्या परसात एक थेंब पडणार नाही. हे ऐकलं की बहुतेक जण लगेच हो म्हणतात.