टोकाचं वजन

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत, बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या सामानाचं दुकान आहे, तिथे मी बॅटच्या काउंटरवर असते. हायस्कूलचा सीझन तोंडावर आला की जो तो बाप एकच वाक्य घेऊन येतो, "माझा मुलगा पॉवर हिटर आहे." सिंगल, म्हणजे एका बेसपुरता फटका, मारणाऱ्या मुलाचा बाप मला अजून भेटायचाय. मग एंड-लोडेड, म्हणजे टोकाला जड, आणि कंपोझिट, म्हणजे कार्बन फायबरसारख्या मिश्रणाची बॅट हवी असते, तीही ३४ इंची, चारशे डॉलरच्या पुढची.

त्या शनिवारी आलेले गृहस्थ नागपूरकडचे निघाले. मी अमरावतीची, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेली, त्यामुळे लगेच मराठी सुरू झालं. मुलगा अकरावीत, खांद्यांनी भरलेला, टीममध्ये बॅटिंगला चौथ्या नंबरवर येणारा. त्याची जुनी बॅट सोबत आणली होती, ३३ इंच, ३० औंसांची कंपोझिट.

"ताई, अगदी हिच्यासारखी पाहिजे. टोकाला जड. फक्त नवीन, आणि एक इंच लांब."

मी बॅट उचलली आणि तिथेच शंका आली. ते मॉडेल एंड-लोडेड येतच नाही. कंपनी ते फक्त बॅलन्स्ड, म्हणजे वजन टोकाकडे न झुकलेलं, बनवते. आणि ही बॅट तर टोकाकडे झुकत होती.

अमरावतीच्या आखाड्यात ज्याने मुद्गल फिरवलंय त्याला हे समजावावं लागत नाही. वजन तेवढंच असलं तरी ते मुठीपासून जितकं लांब, तितकं मनगटाला महाग पडतं. काटा फक्त औंस दाखवतो. बॅट किती वेगाने फिरणार, हे त्या औंसांपेक्षा ते औंस कुठे बसलेत यावर जास्त ठरतं. याला स्विंग वेट म्हणतात आणि ते बॅटवर छापलेलं नसतं. छापलेला 'उणे तीन' म्हणजे इंचांतून औंस वजा केल्यावर उरलेला आकडा, बस. हायस्कूल-कॉलेजात त्याहून हलकी बॅट चालत नाही. सगळ्या बॅटी उणे तीन, आणि हातात प्रत्येक वेगळी.

म्हणून मी मागच्या खोलीत एक घोडा बनवून ठेवलाय. अँगलची चौकट आहे, वर नॉबपासून, म्हणजे मुठीच्या टोकाच्या गोळ्यापासून, सहा इंचांवर पकडणारा चिमटा आणि खाली मोकळी जागा. बॅट आधी वजन करायची, मग धारेवर आडवी ठेवून तोल कुठे राहतो ते मोजायचं, मग चिमट्यात टांगून दहा झोक्यांची वेळ घ्यायची. या तीन आकड्यांवरून स्विंग वेट निघतं. प्रयोगशाळेतली पद्धतही मुळात हीच आहे. त्यांची यंत्रं महाग, माझा घोडा हार्डवेअरच्या दुकानातला. दुकानातले बाकीचे याला माझं वेड म्हणतात आणि स्वतः बॅट दोनदा हवेत हलवून "परफेक्ट बॅलन्स" सांगतात.

त्याच मॉडेलची, त्याच मापाची नवी बॅट काढून दोन्ही मोजल्या. जुनीचा तोल जवळजवळ एक इंच पुढे होता. वजनही थोडं जास्तच. मग टॉर्च घेऊन टोकाची कॅप पाहिली. कारखान्यातला डिंक एकसारखा, बारीक रेघेत असतो. इथे एका बाजूला पिवळट ओघळ होता आणि कडेला पातीने उचकटल्याची खूण. बॅरलवर, म्हणजे बॉल लागतो त्या जाड भागावर, बॉल आपटला तर नव्या बॅटपेक्षा खालच्या पट्टीतला, पोकळ आवाज आला.

ही बॅट तासलेली होती. कॅप उघडून बॅरलची भिंत आतून लेथवर पातळ करतात, म्हणजे बॉल लागल्यावर ती जास्त दबते आणि जास्त उसळी देते. तासल्यावर वजन घटतं, ते काट्यावर कळू नये म्हणून टोकाशी काहीतरी भरतात आणि कॅप पुन्हा चिकटवतात. बाहेरचा बीबीकॉरचा शिक्का, म्हणजे उसळीची मर्यादा पाळल्याची खूण, जसाच्या तसा राहतो. हा नियम कॉलेजात २०११ पासून आणि हायस्कुलात २०१२ पासून आला, तो याच उसळीला लगाम घालायला. पिचर साठ फूट सहा इंचांवर उभा असतो. जोरात मारलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत त्याच्या तोंडासमोर येतो.

मुलगा तेव्हा केजमध्ये, सरावाच्या जाळीत, वॉर्म-अप करत होता. मी त्याच्या वडिलांना, भाऊंना, बाजूला घेऊन दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे मला पटलं. पण पुढचं वाक्य आलं ते असं, "ताई, त्याला आत्ता नका सांगू. पुढच्या आठवड्यात शोकेस आहे, कॉलेजचे कोच येणार आहेत."

"भाऊ, तुम्ही सांगता की मी सांगू, तेवढं ठरवा."

ते काहीच बोलले नाहीत, म्हणून मी सांगितलं. मुलाने बॅट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "म्हणजे माझे ब्याण्णव माझे नाहीत?"

टी-वर, म्हणजे उभ्या खुंटीवर, ठेवलेला बॉल मारल्यावर त्याची एक्झिट व्हेलॉसिटी, म्हणजे बॅटवरून सुटलेल्या बॉलचा वेग, ताशी ९२ मैल आली होती. तो आकडा कॉलेजच्या कोचांसाठी केलेल्या त्याच्या रिक्रूटिंग प्रोफाइलवर सगळ्यात वर होता. हल्ली पोरांची ओळखच त्या आकड्याने होते. पिच ओळखतो का, दोन स्ट्राइकवर काय करतो, हे कोणी विचारत नाही.

रडार लावलं. नव्या ३३ इंची एंड-लोडेडने ८६, ८८, ८७ आले. पण कंपोझिट नवीन असताना कडक असते. चामड्याचे खरे बॉल दीडशे-दोनशे वेळा मारावेत, दर फटक्याला बॅट पाव वळण फिरवावी, तेव्हा ती मोकळी होते. (केजमधले खड्डेवाले रबरी बॉल मारून बॅट 'तयार' करणारे आणि थंडीत १५ अंश सेल्सियसच्या खाली ती बाहेर काढून तडकवणारे नंतर वॉरंटीसाठी माझ्याशी भांडतात.) म्हणजे मधल्या पाच मैलांतलं काही नवेपणाचं, काही तासकामाचं. किती कशाचं, ते मला आजही सांगता येत नाही.

बॅट निवडायची तर होतीच. मी त्याला म्हटलं, आकडा विसर, बॉल फेकणाऱ्या मशीनवर चल. मी अशा वेळी रडार बंद करते आणि फाऊल, म्हणजे रेषेबाहेर गेलेले बॉल, कुठे जातात ते पाहते. मुलगा उजवा. ३४ इंची एंड-लोडेड दिली तर फाऊल उजवीकडे, पहिल्या बेसच्या बाजूला जायला लागले, म्हणजे बॅटला उशीर होत होता. लांबी वाढली की स्विंग वेट वाढतंच, त्यावर टोकाचं वजन म्हणजे दुहेरी डोस. ३३ ची बॅलन्स्ड दिली तर उलट, सगळं डावीकडे ओढलं जात होतं, तो बॉलच्या आधी पोचत होता. ३३ ची एंड-लोडेड घेतल्यावर बॉल मधून, पिचरच्या डोक्यावरून जायला लागले, आणि पुढच्या फेरीत हात दमले तरी तसेच गेले.

म्हणजे मुलगा खरोखरच टोकाला जड बॅट पेलणारा होता. ज्या कोणी ती बॅट तासली, त्याने चोरी झाकायला भरलेलं वजन नेमकं या पोराला मानवलं होतं. हे त्याला सांगितलं तर तो हसला नाही, मला मात्र आतून गंमत वाटली.

मध्येच भाऊंनी विचारलं, "ते टॉर्पेडो बॅट म्हणतात, तेही टोकाला जडच ना?" मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज टीमने एका मॅचमध्ये नऊ होमरन मारल्यापासून हा प्रश्न रोजचाच झालाय. टॉर्पेडोत लाकूड टोकाकडून मुठीकडे आणलेलं असतं. अगदी उलट.

त्यांनी मूठ आणि बॅरल वेगळे बनवून जोडलेली, दोन तुकड्यांची ३३ एंड-लोडेड घेतली. जुनी बॅट एक्स्चेंजमध्ये मागत होते, मी नाही म्हटलं आणि ती आमच्याकडे कापून टाकायला सांगितलं. ती त्यांनी बॅगेत घातली. मॅनेजर नंतर म्हणाला, आपण पोलीस नाही. ठीक आहे, पण मग पोलीस कोण? हायस्कूलच्या मॅचला अंपायरने बॅट पाहिलीच तर शिक्का पाहतो, बॅरल कड्यातून जातं का ते पाहतो, झालं. तासलेली बॅट त्यातून आरामात निघते. कॉलेजच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये २०२० पासून बॅरल दाबून तपासतात, तसलं यंत्र दुकानात ठेवा म्हणून मी मागणी लिहून दिलीय. उत्तर आलेलं नाही.

मुलगा बॅट मोकळी करायला रविवारी येतो. परवा त्याने ८९ मारले. प्रोफाइलवर मात्र अजून ९२ आहे, मी पाहिलं. ते बदल म्हणून त्याला सांगावं की बापाला, की यात मी पडूच नये, हे ठरत नाही. तो पुन्हा रविवारी येणार आहे.