बरडच्या तळावर

फलटणचा मुक्काम उरकून माऊलींची पालखी निघाली, की विडणी, पिंप्रदपर्यंत दोन्ही अंगांना ऊसच ऊस. नीरा उजव्या कालव्याची कृपा. पुढचा तळ बरडचा. आमच्या दिंडीतल्या एका आजोबांना विचारलं, "माऊली, हे बरड म्हणजे काय हो?"

"राहुटी ठोकताना कळंल," म्हणाले.

कळलं. लोखंडी मेखेवर घण घातला की ती चार बोटं आत जायची आणि खण्णकन अडायची. उपसून दुसरीकडे लावली, तिथेही तेच. उकरून पाहिलं तर तांबूस मुरूम, मध्ये पांढरे खडे, माती नावालाच. शेवटी मेखांचा नाद सोडून मोठाले दगड आणले आणि दोर त्यांना गुंडाळले. पाणी धरत नाही, नांगराला दाद देत नाही, अशा जमिनीला आपला शेतकरी बरड म्हणतो. गावाचं नाव म्हणजे सातबाऱ्यावरचा शेराच! भाटघरचं मोठं धरण 1928 च्या सुमारास झालं, पाटाचं पाणी फिरलं, तालुक्यात ऊस आला. नाव आपलं जुन्या कोरडवाहू दिवसांचंच राहिलं.

तिथून मला खोडच लागली. गावाच्या नावात निंब दिसला की कडुलिंब शोध, वाटेत ओढा लागला की त्याचं नाव विचार. तुकोबांच्या वाटेवर बोरगाव आहे, निमगाव केतकी आहे, नीरेकाठी सराटी आहे. सराट्यावर अनवाणी पाय पडलेल्याला हे शेवटचं नाव ऐकूनच कळ येईल. वेळापूरच्या पुढे तोंडले-बोंडले लागतात. ही जोडी यमकाच्या हौसेतून झाली असावी असं आपलं मला वाटतं, पुरावा काही नाही. वाल्ह्याला वाल्या कोळ्याची कथा सांगतात, तीही ऐकावी. पण गावाच्या नावाबाबत माझा भरवसा ऋषीमुनींपेक्षा झाडावर, मातीवर आणि पाण्यावर जास्त. गुरं राखणाऱ्याला खूण हवी असते, पुराण नव्हे.

पंढरीतही तेच. भीमा तिथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. पंढरपूर या नावाची गोष्ट मात्र जमिनीपेक्षा भाषेची. देवळातल्या 1237 सालच्या शिलालेखात गावाचं नाव 'पंडरगे' असं आहे, आणि ते मुळात कानडी असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. सीमाभाग जवळ, बोलणी एकमेकांत मिसळलेली, त्यामुळे मला ते पटतं.

वाखरीच्या तळावर हे आजोबांना सांगितलं. वाटलं, रागावतील. ते धोतराचा सोगा खोचत म्हणाले, "मग त्यात नवल काय? देवच कानडा हाय की आपला."