तंजावर आणि मॉरिशस: मराठी संस्कृतीचे दोन प्रवास

संस्कृतीचा प्रसार दाखवण्यासाठी भूगोलाच्या पुस्तकात नकाशावर बाण काढलेले असतात. लोक कुठून कुठे गेले, हे त्या बाणांवरून समजते. मात्र ते कोणत्या अवस्थेत गेले, हे त्यांतून कळत नाही, आणि माझ्या मते पुढचे बरेचसे त्यावरच ठरते. मराठी माणसांच्या दोन स्थलांतरांची तुलना केली म्हणजे हे स्पष्ट होते.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1676 च्या सुमारास तंजावरात राज्य स्थापन केले आणि त्या घराण्याची गादी 1855 पर्यंत टिकली. राज्यकर्त्यांबरोबर कारकून, शास्त्री, कीर्तनकार आणि रामदासी मठही कावेरीकाठी पोहोचले. दरबारच मराठी असल्यामुळे कागदपत्रे मोडीत लिहिली गेली, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते जमा झाली आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास 1803 मध्ये मराठीतच कोरला गेला. तरीही आजूबाजूची प्रजा तमिळ आणि आधीच्या नायक राजांची दरबारी परंपरा तेलुगू असल्यामुळे देवघेव एकतर्फी राहिली नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे तेलुगूतही नाट्यरचना करत, ही गोष्ट मला त्या भिंतीवरच्या लेखाइतकीच बोलकी वाटते. तंजावरच्या मराठ्यांनी आसपासच्या समाजाला दिलेली सर्वांत टिकाऊ देणगी म्हणजे कीर्तन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाची मांडणी कर्नाटक संगीताशी जोडून तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी या चाली तमिळ शब्द घेऊन गायल्या जाऊ लागल्या. राज्य गेल्यावरही ही कला राहिली, कारण ती स्थानिक रसिकांची झाली होती. मराठी मात्र मुख्यतः घरात उरली. दक्षिणेत स्थायिक झालेली कुटुंबे आजही तमिळ वळणाची तंजावर मराठी बोलतात.

मॉरिशसची गोष्ट निराळी आहे. गुलामगिरी संपुष्टात आल्यावर ब्रिटिशांना उसाच्या मळ्यांसाठी मजूर हवे होते, आणि 1834 पासून सुरू झालेल्या करारबद्ध मजुरीत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. त्यांतले बहुसंख्य बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागातले होते. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूर त्या मानाने थोडे. त्यांच्या पाठीशी ना दरबार होता, ना ग्रंथालय. मळ्यावर निरनिराळ्या प्रांतांचे लोक एकत्र राबत, आणि पुढे सर्वांच्या परस्परव्यवहारात क्रिओल ही फ्रेंचवर आधारलेली तिथली बोली रुळली. अशा ठिकाणी अल्पसंख्याकांची बोली मागे पडली, यात नवल नाही.

टिकले ते मंडळी जमवून करता येण्यासारखे. गणेश चतुर्थीला तिथे आज राष्ट्रीय सार्वजनिक सुट्टी असते, मूर्तींचे विसर्जन होते, आणि कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारा झाकरी हा नाच तिथल्या मराठी समाजाची ओळख मानला जातो. सण वर्षातून एकदा येतो, त्यात शेजारीपाजारी सामील होऊ शकतात आणि ज्याला भाषा येत नाही तोही टाळ्या वाजवू शकतो. बोलीला मात्र रोज समोर बोलणारा माणूस लागतो. अर्थात संख्या, सत्ता आणि शेजार यांपैकी कोणत्याही एकाच कारणावर बोट ठेवणे मला पटत नाही. तंजावरातही मराठी माणसे अल्पसंख्यच होती. पण तिथे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे त्यांच्या भाषेला राजाश्रय होता.

मॉरिशसच्या शाळांत आता मराठी हा विषय शिकवला जातो, आणि मराठी वंशाची मुले तो निवडू शकतात. घरी क्रिओल बोलणाऱ्या मुलाला तिथे पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी भेटते. त्याच्या पूर्वजांनी जहाजातून नेलेली बोली बहुधा तशी नव्हती.