४१७ आणि ८६२

फ्राइज डब्यात भरून लॅबमध्ये आणायच्या नाहीत, एवढी एक गोष्ट पटवून द्यायला मला दोन मीटिंगा लागल्या.

काम होतं फ्रोजन फ्राइज बनवणाऱ्या एका कंपनीचं. बाजारातल्या चार मोठ्या फास्ट-फूड साखळ्यांच्या फ्राइज आणि आलू टिक्कीचे बर्गर यांची तुलना त्यांना हवी होती. कुणाच्या चांगल्या, कशामुळे चांगल्या, आणि आपला माल त्यात कुठे बसतो. त्यांच्या साहेबांचं म्हणणं होतं की पार्सल मागवा, भोसरीला तुमच्या लॅबमध्ये चव घेऊन गुण देणारं पॅनेल बसवा आणि संध्याकाळपर्यंत आकडे द्या. मी म्हटलं, सर, भोसरीला पोचेपर्यंत चारही सारख्याच सादळलेल्या असतील. मग परीक्षा रस्त्याची होईल, फ्राइजची नाही.

तळताना बटाट्याच्या वरच्या थरातलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि तिथे पातळ, कोरडा पापुद्रा तयार होतो. आतला गर मात्र उकडलेल्या बटाट्यासारखा ओलाच असतो. बास्केट तेलाबाहेर आली की आतलं पाणी त्या कोरड्या पापुद्र्याकडे सरकू लागतं. त्यात डब्याचं झाकण लावलं तर वाफेला वाट मिळत नाही, ती तिथेच बसते. बाकी कुठल्याही पदार्थाचं सँपल मी बर्फात घालून सोलापूरहूनही आणलं असतं. फ्राइजचं नाही.

शेवटी पुण्यातल्या एका मॉलमध्ये फूड कोर्टच्या मागची खोली एका दिवसासाठी मिळाली. चारही साखळ्यांचे काउंटर त्याच मजल्यावर. आमची दोन मुलं स्टॉपवॉच घेऊन धावणार आणि काउंटरवरून ट्रे उचलल्यापासून तीन मिनिटांच्या आत पहिला घास पॅनेलच्या तोंडात, असं ठरलं.

आमच्या पॅनेलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या दिवसाचं सगळं यांच्या जिभेवर उभं होतं. दहा जण. चार गृहिणी, दोन निवृत्त, बाकीचे लॅबमधलेच. दर शनिवारी बसवून बसवून तयार केलेले. सुरुवातीला मी इंग्रजी शब्दांचा तक्ता घेऊन गेले होते. क्रिस्प आणि क्रंची यांतला फरक कुणालाच धड पकडता येईना. पॅनेलमधल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, त्या म्हणाल्या, "अगं, शंकरपाळा खुसखुशीत असतो आणि चकली कुरकुरीत. त्यात एवढं काय अवघड आहे?"

पुढच्या शनिवारी फळ्यावर आमचे शब्द आले. कुरकुरीत, खुसखुशीत, पिठूळ, कच्चट, वातड, तेलकट, खवट, सादळलेलं. प्रत्येकाला एक ते नऊ गुण. कुरकुरीत असायला हवी ती वस्तू ओलावा धरून नरम पडली, एवढं सगळं 'सादळलेलं' या एका शब्दात येतं. घरात चिवड्याच्या डब्याचं झाकण नीट न लागलेलं ज्याला कळतं, त्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. त्या दिवसापासून आमच्या गुणांमधली ओढाताण खूपच कमी झाली.

सँपलवर नाव नसतं, तीन आकडी क्रमांक असतो, तोही चिठ्ठ्या काढून दिलेला. अ, ब, क लिहिलं तर 'अ' उगाचच चांगला वाटतो. कुठला क्रमांक कुणाचा, ते माझ्या वहीत आणि फक्त माझ्या वहीत.

सकाळी अकराला बर्गर झाले. पहिला घास घेण्याआधी काकूंनी विचारलं, "हे तळलंय कशात? चिकनच्याच तेलात नाही ना?" काकू पक्क्या शाकाहारी. मी आधीच चौकशी करून ठेवली होती, चारही ठिकाणी शाकाहारी तळण वेगळं होतं. पण हा प्रश्न ऐकला की मला २००१ सालचा मे महिना आठवतो. मी तेव्हा शाळेत होते, परभणीला. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये गोमांसापासून काढलेला स्वाद घालतात, यावरून तिकडे खटला उभा राहिला आणि इकडे ठाण्यातल्या त्यांच्या दुकानाची मोडतोड झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये तसं काही नसतं, असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. १९९६ साली इथे आल्यापासून त्यांनी गोमांस आणि डुकराचं मांस ठेवलं नव्हतं, शाकाहारी-मांसाहारी ओटे वेगळे ठेवले होते, मेयोनीजसुद्धा बिनअंड्याचं करून घेतलं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतला तो खटला माफी आणि १ कोटी डॉलरवर मिटला. आमच्या घरी बाबांनी पेपर वाचून विचारलं होतं, "बटाट्यात काय घालतात हे तपासतं कोण?" मी फूड टेक्नॉलॉजीला गेले त्यात या प्रश्नाचा वाटा आहे.

बर्गरमधले फरक सरळ होते. एकाची टिक्की जाड आणि मटारदाणे दिसणारी, एकाची गुळगुळीत, एकाचा सॉस गोडाकडे झुकणारा. पावाचा कापलेला भाग नीट भाजला तर त्याला पापुद्रा धरतो आणि सॉस आत झिरपत नाही. ज्याने हे टाळलं होतं, त्याचा खालचा पाव हातातच लगदा झाला. प्रत्येक साखळीचा बर्गर तिच्या पाककृतीसारखा लागला. एखादी चूक झालीच तर कांदा, सॉस, चीज तिला झाकून घेतात. फ्राइजला झाकायला काही नाही. बटाटा, तेल, मीठ.

कंपनीचे साहेब बटाट्यातले जाणकार. त्यांचं अर्धं आयुष्य गुजरातेत मेहसाणा-बनासकांठ्याच्या शेतांत गेलेलं. ते म्हणत, मॅडम, सगळं बटाट्यात आहे. आणि ते खोटं नाही. फ्राइजला लांबट, घट्ट, कोरडा बटाटा लागतो, सँटाना किंवा आपल्याकडच्या संशोधनातून आलेला कुफरी फ्रायसोना. भाजीचा बटाटा दोन-चार अंशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. तो तळला तर आत शिजण्याआधीच बाहेर काळपट पडतो, कडवट लागतो. म्हणून फ्राइजचा बटाटा दहा-बारा अंशांवर ठेवतात. दुपारी फ्राइजची फेरी झाली तेव्हा साहेब स्वतः खोलीत येऊन बसले होते.

साडेबाराच्या फेरीत ४१७ क्रमांकाने सगळ्यांना मागे टाकलं. कुरकुरीतपणाला नऊपैकी आठच्या आसपास, आतून पिठूळ, तेलकटपणा नावालाही नाही. काकूंनी शेऱ्यात लिहिलं, "मोडताना आवाज आला." साहेब खूश झाले. त्यांचा अंदाज होता की अमुकच साखळी पहिली येणार, आणि ४१७ तीच होती.

चारच्या फेरीत चारही ठिकाणांहून पुन्हा तोच माल आणला आणि नवे क्रमांक दिले. या वेळी सगळ्यात खाली ८६२. सादळलेलं, वातड, तेलकट, तिन्हींत सर्वांत वाईट गुण. एकाने अर्धी फ्राय खाऊन बाकीची बशीत ठेवून दिली. मी वही उघडली आणि पोटात गोळा आला. ८६२ म्हणजे तीच साखळी, तोच काउंटर, तोच आकार, साडेतीन तासांपूर्वी पहिला आलेला.

साहेबांनी वही पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीये." आमचा ज्युनिअर पांढराफटक पडला. ट्रे आणण्याची जबाबदारी त्याची होती. पण पावतीवरची वेळ, ट्रेचा फोटो, क्रमांकाचं स्टिकर, सगळं जुळत होतं. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, आणि काउंटरवर गेले.

चार वाजता फूड कोर्ट रिकामं असतं. मागच्या स्टीलच्या ट्रेमध्ये पिवळ्या दिव्याखाली फ्राइजचा छोटा ढीग पडून होता, टोकं आत वळलेली, अंगावर तेलाची चमक. टायमरचा लाल आकडा लुकलुकत होता आणि कुणी त्याकडे बघत नव्हतं. तिथे विशीतला एक मुलगा उभा होता. मी विचारलं, "या कधीच्या आहेत रे?"

तो आधी गप्प राहिला. मग हळू म्हणाला, "वीस मिनिटं झाली असतील, मॅडम. वेस्ट जास्त दिसलं की बोलणी बसतात."

मला यावर काही विचारावं लागलं नाही. कॉलेजच्या सुट्टीत, मावशीकडे पुण्याला राहून, मीही अशाच एका साखळीत फ्राय स्टेशनला होते. गोठलेली पिशवी फोडायची, बास्केट अर्धीच भरायची, १७० अंशांच्या आसपासच्या तेलात तीन मिनिटं. टायमर वाजला की बास्केट वर घेऊन जोरात दोन झटके द्यायचे आणि थोडा वेळ तशीच टांगून ठेवायची. ते झटके शोभेचे नसतात. तळत असताना वाफ बाहेर ढकलत असते, म्हणून तेल आत जाऊ शकत नाही. बाहेर काढल्यावर वाफ थांबते, आत पोकळी होते आणि अंगावर राहिलेलं तेल ती फ्राय ओढून घेते. बरंचसं तेल कढईत नाही, कढईबाहेर पोटात जातं. कॉलेजात हे आकृती काढून शिकवलं तेव्हा माझ्या मनगटाला आधीच माहीत होतं.

मग मीठ, मग ट्रे, मग मोजून काही मिनिटं. तेवढ्यात विकल्या नाहीत तर फेकायच्या, नियम असा. पण कागदावर वेस्टचाही आकडा असे, आणि रोज रात्री त्या आकड्यावर बोट ठेवलं जाई. एका मंदीच्या दुपारी मला सांगितलं गेलं की जुन्या खाली ढकल, वर ताज्या टाक, मिसळून दे. मी मिसळल्या. एका छोट्या मुलीच्या वाढदिवसाच्या टेबलावर त्या गेल्या. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

आतून मॅनेजर बाहेर आले. "काही तक्रार आहे का, मॅडम?" मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तक्रार नाही. एक मीडियम फ्राइज द्या, पण ताज्या तळून. मी थांबते." मॅनेजर मुलाला म्हणाले, "नवीन टाक." त्याने ढीग खरवडून डब्यात टाकला, भिंतीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि बास्केट तेलात सोडली. वर काढल्यावर त्याने झटके दिले. दोन नाही, तीन.

तो ट्रे मी स्वतः घेऊन धावले. क्रमांक दिला २५९. पॅनेलला काहीच सांगितलं नव्हतं. कुरकुरीतपणाला पुन्हा आठच्या जवळ. काकूंनी मान वर न करता म्हटलं, "ही सकाळचीच दिसते." साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढे लॅबमध्ये आम्ही सगळ्या सँपलमधलं तेल काढून तपासलं. तळणीचं तेल वारंवार तापलं की त्यात जे ध्रुवीय पदार्थ साठत जातात, त्यांना १ जुलै २०१८पासून आपल्याकडे २५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. चारही साखळ्या त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली होत्या, आणि हे मी अहवालात ठळक लिहिलं, कारण चांगलं तेल वापरणं महाग असतं आणि ते दिसत नाही. ८६२मध्ये खोट तेलाची नव्हती, बटाट्याचीही नव्हती. ती होती वीस मिनिटांची.

अहवालावरून आमच्या सरांशी थोडं वाजलं. ग्राहकाला पहिला-दुसरा-तिसरा हवा आहे, तू एका साखळीच्या दोन ओळी का करतेस, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सर, सरासरी काढली तर ती साखळी मधोमध येईल, आणि मधोमध लागणारी फ्राय त्या दिवशी त्या मजल्यावर कुणीही खाल्ली नाही. ज्यांनी साडेबाराला खाल्ली त्यांनी उत्तम खाल्ली, ज्यांनी चारला खाल्ली त्यांनी टाकाऊ खाल्ली. त्यांनी तक्ता दोनदा वाचला आणि तळल्यापासूनच्या मिनिटांचा रकाना ठेवू दिला. काउंटरवरच्या मुलाचं मी कुठेच लिहिलं नाही.

दोन आठवड्यांनी साहेबांचा फोन आला. बटाट्याबद्दल एक शब्द नाही. "मॅडम, स्टार्चचा पातळ लेप दिलेल्या फ्राइज आम्ही करून बघतोय. दिव्याखाली किती वेळ टिकतात ते मोजाल का?" लेपाने फरक पडतो, हे मला माहीत आहे. घरपोच पार्सलसाठी त्या निघाल्याच आहेत. मी होकार दिला आणि एक अट घातली, की तुलनेला लेप नसलेली, वेळेवर फेकून पुन्हा तळलेली बास्केटही राहील, आणि लेपाचा खर्च नि फेकण्याचा खर्च एकाच पानावर येतील.

येत्या शनिवारी पॅनेल बसतंय. शून्य, पाच, दहा, पंधरा आणि वीस मिनिटं. चिठ्ठ्या काल रात्री काढून ठेवल्या.