आधीचे हात

हात धुण्याच्या पायऱ्या आमच्या वॉर्डात कुणालाही झोपेतून उठवून विचारा. 'सुमन-के' म्हणजे सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगुठा, नाखून, कलाई. वॉर्डबॉय मामांपासून इंटर्नपर्यंत सगळे घडाघडा म्हणतात. म्हणून आणखी एक पोस्टर लावू या असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. प्रश्न माहितीचा नाहीच.

इन्चार्ज सिस्टर झाल्यावर मी वही न काढता नुसतं बघत राहिले. (वही दिसली की सगळेच धुतात.) ड्रेसिंग करताना पू लागला, रक्त लागलं, की माणूस बेसिनकडे पळतोच. किळस येते ना! पण पुढच्या पेशंटला हात लावण्याआधी? फाईल उघडलेली असते, मोबाईल खिशात टाकलेला असतो, कॉटचा कठडा सरकवलेला असतो, आणि तीच बोटं सलाईनच्या जोडावर जातात. हात तर स्वच्छ दिसतात. ग्लोव्हज घातले असतील तर विचारायलाच नको, तेच घालून तीन कॉट फिरणारे आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत हात स्वच्छ करायचे पाच क्षण आहेत. त्यातले दोन आधीचे: पेशंटला स्पर्श करण्याआधी आणि निर्जंतुक कामाआधी. बाकी तीन नंतरचे. नंतरच्या तिन्हींत आपला स्वतःचाही जीव गुंतलेला असतो, म्हणून ते होतात. आधीच्या दोनांत फक्त समोरच्याचा.

१८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या बाळंतिणींच्या वॉर्डातही हेच होतं. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला येणारे विद्यार्थी साबणाने हात धूत असत, तरी वास राहायचाच. त्याने तपासणीआधी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ च्या आसपास बाळंतिणी दगावत होत्या, काही महिन्यांत ते प्रमाण दोनेकांवर आलं. डॉक्टरमंडळी मात्र खवळली.

आमच्याकडे खवळायला दुसरी कारणं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, नळ कोरडा आणि पिंपातून मगाने पाणी. तो मग कुणाच्या हातातला, देव जाणे. साबणाने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, अल्कोहोलच्या रबला, म्हणजे हातावर चोळायच्या द्रावणाला, २० ते ३०. म्हणून बाटली बेसिनजवळ न ठेवता प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी अडकवली. जे काम पोस्टरने झालं नव्हतं ते बाटलीच्या जागेने बरंच झालं. पण रब सगळीकडे चालत नाही. हात दिसण्याइतके मळलेले असतील किंवा पेशंटला जुलाब असतील तर साबण-पाणीच. रावेरकडून केळीच्या चिकाने काळे झालेले हात घेऊन आलेला नातेवाईक रब चोळत बसतो, तेव्हा त्याला बेसिन दाखवायचं.

बांगड्यांवरून मात्र खरी लढाई झाली. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरून आलेल्या पोरींच्या हातात मनगट झाकेल इतक्या काचेच्या बांगड्या. त्याखाली रब पोचणार कसा? काढा म्हटलं की मी कुणाच्या सौभाग्यावर उठले असं तोंड होतं. शेवटी आमच्या मावशींनीच निकाल लावला, "माय वं, बांगड्या डबीमा ठेव्या म्हनीसन नवरा मरस का?" सगळ्या हसल्या आणि लॉकरमध्ये डब्या आल्या.

मोठ्या डॉक्टरांचं तसं हसून भागत नाही. राउंडला पुढचा माणूस बाटलीला हात न लावता गेला, की मागची सगळी रांग तशीच जाते. मग मीच बाटली घेऊन पहिल्या कॉटपाशी उभी राहते आणि "सर, हात" म्हणते. आता ते येतानाच तळवे पुढे करतात, थोडे वैतागून. चालेल.

बेसिनजवळच्या त्या एकुलत्या एक ओल्या नॅपकिनचं अजून जमलेलं नाही. धुतलेले हात सगळे त्यालाच पुसतात. कागदी रुमालांची मागणी स्टोअरला दिली आहे. तोवर हात हवेतच वाळवा म्हणते, आमच्या उन्हाळ्यात त्याला वेळ लागत नाही.