विहिरीची सवय आणि मालवणचा समुद्र: पहिला स्कूबा डाइव्ह

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यातील आमच्या गावात पोहणे शिकायचे ते पाठीला रिकामा डबा बांधून, शेतातल्या विहिरीत. तळाशी बुडी मारून मूठभर गाळ वर आणला की पोहणे आले, आणि श्वास जितका जास्त वेळ कोंडून धरता येईल तितका तो पोहणारा पट्टीचा. जानेवारीत कापसाची वेचणी आटोपल्यावर मावसभाऊ आणि मी स्कूबा डाइव्हिंगसाठी, म्हणजे हवेचा सिलिंडर घेऊन नळीने श्वास घेत पाण्याखाली उतरण्यासाठी, मालवणला गेलो, तेव्हा मला नेमकी हीच सवय मोडावी लागली.

बडनेऱ्याहून नागपूर–मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी विशेष गाडी कुडाळपर्यंत थेट नेते आणि तिथून मालवणला एसटी मिळते. गाडी विशेष असल्यामुळे तिचे वेळापत्रक आधी तपासून घ्यावे. पावसाळ्यात तिथल्या जलक्रीडा बंद असतात.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली. १६६४ ते १६६७ या काळात समुद्रात उभ्या राहिलेल्या त्या तटबंदीकडे पाहताना माझे प्रशिक्षकांच्या सूचनांकडे दुर्लक्ष झाले, हे मी स्पष्टपणे नोंदवतो, कारण त्या पाच मिनिटांतील प्रत्येक शब्द पुढे उपयोगी पडतो. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘मला वर न्या’ असा होतो. सर्व ठीक असल्यास अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, आणि काही बिघडले असल्यास पंजा आडवा धरून हलवायचा.

होडीचा दोर धरून तोंडाने श्वास घेण्याचा सराव झाला. पाण्यात चेहरा जाताच माझा श्वास आपोआप कोंडला गेला, आणि प्रशिक्षकांनी मला तीनदा वर घेतले. सिलिंडरमध्ये दाबाखाली भरलेली साधी हवा असते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि तिथे घेतलेला श्वास कोंडून माणूस वर आला तर तीच हवा फुगून फुप्फुसाला इजा करू शकते. विहिरीत हा धोका नसतो, कारण तिथे आपण वरूनच छातीत भरून नेलेली हवा परत वर आणतो. हे कारण समजल्यावर चौथ्या वेळी माझा श्वास सुरळीत चालू लागला.

दीड-दोन मीटरवर उजव्या कानात सुई टोचल्यासारखे दुखले. मी पंजा हलवून कानाकडे बोट दाखवले, तेव्हा प्रशिक्षकांनी मला थोडे वर घेतले. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारताच कानात ‘टक्’ असा आवाज होऊन दुखणे थांबले. ही फुंकर दुखू लागण्यापूर्वीच, दर मीटरभर उतरल्यावर मारावी आणि जोर लावू नये. सर्दी असेल तर कान मोकळा होत नाही, त्यामुळे त्या दिवशी उतरूच नये. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा कानाचे जुने दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि डाइव्हपूर्वी भरायच्या अर्जात खरे तेच लिहावे.

खाली खडकावर प्रवाळ होते आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या डोळ्यांवरच्या मास्कच्या काचेपर्यंत येत होते. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, त्यामुळे मी हात पुढे केला की मासा वीतभर पलीकडेच असे. माझ्याच श्वासाचे बुडबुडे कानाजवळून वर जाताना ऐकू येत होते, आणि तेवढा एक आवाज सोडला तर आमच्या शेतातल्या दुपारइतकी शांतता होती.

छायाचित्रासाठी मासे जमावेत म्हणून काही जण पाण्यात पाव सोडतात. ते आपल्यासाठी करू नका असे होडीतच सांगावे, कारण पाव हे माशांचे अन्न नव्हे. प्रवाळाला हात लावू नये आणि त्यावर पायही टेकवू नये. ते सजीव आहे आणि फार सावकाश वाढते.

पैसे ठरवताना पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटे मिळतील आणि एका प्रशिक्षकाकडे किती जण असतील, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिल्या डाइव्हला एका माणसामागे एक प्रशिक्षक असलेला उत्तम. पोहता येत नसले तरी चालते. माझ्या मावसभावाला पोहता येत नाही, पण श्वास कोंडण्याची सवय नसल्याने तो माझ्या आधी खाली पोहोचला.

डाइव्हनंतर किमान बारा तास विमानप्रवास टाळावा. स्वतःच्या गाडीने कोल्हापूरमार्गे परतणाऱ्यांना लगेच सह्याद्रीचा घाट चढावा लागतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी होत असल्याने त्यांनीही ती रात्र मालवणातच काढावी.